एकोणपन्नास दिवसांचे स्मरण, चाळीस वर्षांचे विस्मरण

जुळे सोलापुरातील एका अभ्यासिकेत गेल्या महिन्यात दोन तरुण मित्रांचा वाद रंगला होता. एकाच्या हाती 'नाइन्टीन एटी-फोर', दुसऱ्याच्या हाती 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. प्रश्न नेहमीचाच होता. आपण ज्या जगाकडे चाललो आहोत ते ऑर्वेलचे की हक्स्लीचे? वाद बराच वेळ ऐकून घेतल्यावर मी मध्ये पडलो आणि म्हणालो, "तुम्ही दोघेही भविष्याविषयी बोलता आहात. पण ही दोन्ही पुस्तके लिहिली जाण्यापूर्वीच आपल्या गावात घडून गेली आहेत." विधान जरा चमकदार होते, आणि चमकदार विधानाविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याला जो संशय यायला हवा तो त्या दोघांच्याही चेहऱ्यावर तत्काळ उमटला. आजचा धागा म्हणजे त्या संशयाला दिलेले उत्तर आहे. तो नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात माहितीबरोबर माझे मतही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम आपल्या परिचयाची गोष्ट, म्हणून थोडक्यात. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, पोलीस मारले गेले, चौकी आणि न्यायालय जळाले. पुढचे काही दिवस सरकारी अंमल केवळ नावापुरता उरला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. या एकोणपन्नास दिवसांत गांधी टोपी दिसली की सैनिक ती हिसकावून घेत, तिरंगा मिरवणे हा सक्तमजुरीचा अपराध ठरला, छापील शब्दावर पहारा बसला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी, संक्रांतीच्या तोंडावर, येरवड्यात फाशी देण्यात आले.

ऑर्वेलच्या वाचकाला यात सारे ओळखीचे वाटेल. चिन्हांची भीती बाळगणारी सत्ता, टोपीसारख्या क्षुल्लक वस्तूत राजद्रोह पाहणारी नजर, निकाल आधी आणि खटला नंतर असा न्याय. सोलापूरने हे सारे नीट लक्षात ठेवले आहे. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी आहेत, त्यांच्या स्मृतीचे सभागृह आहे, पुण्याला जाणाऱ्या गाडीचे नावसुद्धा हुतात्मा एक्स्प्रेस आहे. हे योग्यच आहे आणि त्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

माझी तक्रार दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. याच शहरात, याच काळात, तारेच्या कुंपणाआड एक संपूर्ण वस्ती होती. तिथली माणसे हजेरी दिल्याशिवाय झोपू शकत नव्हती आणि परवान्याशिवाय शेजारच्या गावी जाऊ शकत नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांवर कोणताही आरोप सिद्ध झालेला नव्हता, कारण आरोप सिद्ध होण्याची आवश्यकताच कायद्याने ठेवलेली नव्हती. हे एकोणपन्नास दिवस चालले नाही, जवळपास चाळीस वर्षे चालले. त्याचा पुतळा नाही. त्याचे नाव मात्र आजही आपल्या जिभेवर आहे. रिक्षावाल्याला आपण सहज म्हणतो, "सेटलमेंटला जायचंय." तो कोणाचे सेटलमेंट असे विचारत नाही, आणि आपणही विचारत नाही.

म्हणून आता थोडे सावकाश जाऊ.

१८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. व्हाइसरॉयच्या परिषदेत कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढल्याच वर्षी भारतीय पुरावा कायदा घडवणारे हेच गृहस्थ, आणि कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांचे सख्खे चुलते. (इतिहासात अशी नाती भेटली की मला मोह आवरत नाही.) या कायद्याच्या समर्थनार्थ त्या चर्चेत जो युक्तिवाद मांडला गेला तो सोलापूरकराने विशेष लक्ष देऊन ऐकावा असा आहे. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार हे उघड आहे. चोरी हा येथे व्यक्तीचा दोष नसून जातीचा धंदा आहे. विणकरांच्या या शहरात त्या तर्काचे फळ पुढे तारेच्या कुंपणाच्या रूपाने उभे राहिले.

हा कायदा प्रारंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो देशभर लागू करण्याची मुभा मिळाली आणि मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला. १९२४ साली त्याची पुन्हा एकत्रित मांडणी झाली. त्यातील कलमे एकामागून एक वाचत गेलो की आपण कायदा वाचतो आहोत की कादंबरीचा आराखडा, असा प्रश्न पडतो. सरकारने अधिसूचना काढावी आणि एखादी जमात 'गुन्हेगार' ठरावी. त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येऊ नये. जमातीतील माणसांची नोंदवही करावी. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेता यावेत. त्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, मुक्काम बदलला तर कळवावे. सरकारला वाटल्यास सगळ्या जमातीला एका वसाहतीत नेऊन ठेवावे. मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवता यावे. काही ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षांची शिक्षा व्हावी आणि तिसऱ्यांदा जन्मठेप.

मार्गारेट ॲटवुड यांनी 'द हँडमेड्स टेल' या आपल्या १९८५ च्या कादंबरीविषयी वारंवार सांगितले आहे की, मानवाने कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्ष केलेले नाही असे काहीही त्यांनी त्या पुस्तकात घातले नाही. त्या कादंबरीतील आईपासून तोडलेली मुलगी वाचताना आपल्या अंगावर काटा येतो. तेच कृत्य आपल्याकडे कायद्याच्या कलमात सरळ शासकीय भाषेत लिहिलेले होते आणि त्याने फारसा कोणाच्या अंगावर काटा आला नाही.

आता तंत्रज्ञान. भविष्यवेधी कादंबऱ्यांत नियंत्रणाचे यंत्र नेहमी नवे, चकचकीत आणि भिंतीवर बसवलेले असते. प्रत्यक्षातले यंत्र होते शाईने माखलेला अंगठा. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे कलकत्त्यात एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात मोलाचा वाटा उचलला, १८९७ साली कलकत्त्यात ठसे-विभाग सुरू झाला आणि १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत स्वीकारली. म्हणजे माणसाच्या देहालाच त्याची ओळखचिठ्ठी बनवणारे हे आधुनिक तंत्र वसाहतीत तयार झाले आणि मग राजधानीत गेले. आपण तंत्रज्ञान पश्चिमेकडून येते असे मानत आलो. पाळतीचे तंत्र पुष्कळदा इकडून तिकडे गेले आहे.

दुसरे यंत्र आगगाडी. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहून नेणाऱ्या लमाणांचा धंदा रुळांनी बुडवला. वनकायद्यांनी पारध्यांची शिकार आणि रानातला वावर अपराध ठरवला. फिरत्या माणसाचे फिरणे हेच एकेकाळी त्याचे पोट होते. नव्या व्यवस्थेत जमिनीचा सातबारा नाही, मालकाचा शिक्का नाही, अशा माणसाचे फिरणे म्हणजे पुरावा झाला, आणि तो कशाचा पुरावा आहे हे ठरवण्याचे काम पोलीस पाटलाकडे आले. अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत या हजेरीची जी आग आहे, ती त्यांना कल्पनेतून निर्माण करावी लागली नाही. त्यांचा जन्मच ज्या समाजात झाला त्याच्या दारात ती हजेरी उभी होती.

तिसरे यंत्र आपल्या गावाचे, म्हणजे गिरणीचा भोंगा. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या वाढत गेल्या आणि अवघे शहर भोंग्यावर उठू-बसू लागले. गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला 'स्थिर' केलेली माणसे कोठेतरी गुंतवायची होती. मुंबई इलाख्यातील मोठ्या सेटलमेंटांपैकी एक सोलापुरात वसले यामागे हा हिशेब होता. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे येथे आणण्यात आली. दिवसा भोंगा, रात्री हजेरी. संपाच्या काळात, ज्याला काम सोडून गावी जाण्याचीच परवानगी नाही असा मजूर मालकाला किती सोयीचा वाटत असेल, याचा अंदाज गिरणगावात वाढलेल्या कोणालाही येईल. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली आपल्या नाटकातून जगाला 'रोबोट' हा शब्द दिला. त्या शब्दाचे मूळ सक्तीच्या श्रमाच्या, आपल्या भाषेत वेठबिगारीच्या अर्थात आहे. शब्दाचा हा उगम आपण विसरलो आणि रोबोट म्हणजे धातूचा माणूस एवढेच लक्षात ठेवले.

वसाहतीचे एक नाव होते उमेदपूर, आशेचे गाव. ऑर्वेलच्या छळखात्याचे नाव प्रेमावरून ठेवलेले आहे, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना अधिक सांगायला नको. मात्र येथे मी एक सावधगिरी बाळगू इच्छितो. ऑर्वेलचे नामकरण उपहासाचे आहे; उमेदपूर हे नाव ठेवणाऱ्यांना मात्र खरोखरच उमेद होती. माझ्या दृष्टीने हाच या संपूर्ण प्रकरणाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

मुंबई इलाख्यातील या व्यवस्थेचे शिल्पकार ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी क्रूर नव्हते. त्यांच्या काळातील मापाने ते सुधारक होते. शाळा, पतसंस्था, घरे, दारूबंदीचा प्रचार, हस्तव्यवसायाचे शिक्षण हे सारे सेटलमेंटमध्ये होते. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनीही येथे काम केले आणि त्यांतील अनेकांनी मनापासून केले. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष हेच स्टार्ट होते आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा सदस्य होते. सेटलमेंटच्या शाळेत शिकून पुढे शिक्षक, कार्यकर्ते झालेली माणसे या शहराने पाहिली आहेत. चांगल्या वर्तनाबद्दल कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहायला मिळे; तिला 'फ्री कॉलनी' म्हणत. आजही पत्त्यावर 'सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक' असे लिहितात. पत्त्यात 'फ्री' हा शब्द लिहावा लागतो, म्हणजे तेथील मूळ नियम कोणता होता, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

म्हणूनच सेटलमेंट समजून घ्यायला ऑर्वेल अपुरा पडतो. तेथे हक्स्ली हवा. १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधील सत्ता माणसाला मारत नाही, त्याला त्याच्या जागी सुखी करते. तेथे माणसे बाटलीतून जन्मतात आणि जन्मापूर्वीच त्यांची वर्गवारी झालेली असते. कोण बुद्धीचे काम करील आणि कोण यंत्राचा दांडा ओढील हे आधीच निश्चित. त्या वर्गांसाठी हक्स्लीने वापरलेला इंग्रजी शब्द 'कास्ट' हा आहे. कादंबरी लिहिण्यापूर्वी, १९२५-२६ मध्ये, तो हिंदुस्थानात हिंडून गेला होता आणि त्या प्रवासाचे पुस्तकही त्याने प्रसिद्ध केले होते. येथूनच त्याने कल्पना उचलली असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणेन की जन्माने माणसाचे काम ठरते, ही गोष्ट त्याला प्रयोगशाळेत घडवावी लागली. आपल्याला प्रयोगशाळेचा खर्च कधी आला नाही.

ऑर्वेलचेही असेच. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेला हा लेखक १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात इंपीरियल पोलीस खात्यात अधिकारी होता. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. नोंदवही, ठसा, पाळत, हजेरी या साऱ्या गोष्टी पोलिसी नोकरीत त्याच्या रोजच्या परिचयाच्या असणार. 'नाइन्टीन एटी-फोर'ची चर्चा करताना आपण हिटलर आणि स्टॅलिन यांची नावे घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण तो आधी साम्राज्याचा पोलीस होता, ही गोष्ट त्या चर्चेत तळटीप होऊन राहते, याचे मला आश्चर्य वाटते.

आता माझा मुख्य आक्षेप मांडतो, आणि तो या थोर पुस्तकांवरच आहे.

'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये पाळत कोणावर आहे? पक्षाच्या सदस्यांवर, म्हणजे लिहित्या-वाचत्या कारकुनी वर्गावर. लोकसंख्येचा प्रचंड मोठा भाग असलेले श्रमिक, ज्यांना तेथे 'प्रोल्स' म्हटले आहे, त्यांच्याकडे सत्तेचे फारसे लक्षच नाही. त्यांच्या घरांत बहुधा तो टेलिस्क्रीनही नसतो. झाम्यातिनच्या 'वी' या कादंबरीत (लेखन १९२०-२१, इंग्रजीत प्रसिद्धी १९२४, आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात थेट १९८८) माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. वेळापत्रकाबरहुकूम सारे राष्ट्र एकाच क्षणी घास तोंडात घालते. आणि शहराभोवती एक हिरवी भिंत आहे, जिच्या पलीकडे रानटी माणसे मोकळी राहतात. म्हणजे दोन्हीकडे सुसंस्कृत माणूस बंदिस्त आणि तळातला किंवा रानातला माणूस मोकळा.

सोलापुरात हे चित्र नेमके उलटे होते. ज्याला 'रानटी' म्हटले तो तारेच्या आत होता आणि सुसंस्कृत माणूस बाहेर मोकळा फिरत होता. नवी पेठेतल्या व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या, शिक्षकाच्या घरात सत्तेने डोकावण्याचे कारण नव्हते. पाळत खालून सुरू झाली. आणि बाहेरच्या माणसाला ती पाळत वाटलीच नाही. त्याला तो बंदोबस्त वाटला. रात्री दाराला कडी लावताना त्याला त्या हजेरीचा आधार वाटत असेल.

कादंबरीकाराची अडचण मी समजू शकतो. त्याचा वाचक मध्यमवर्गीय आहे आणि वाचकाला भीती वाटायची तर संकट वाचकावरच यायला हवे. म्हणून या कादंबऱ्यांचा मूळ प्रश्न असा असतो: हे सारे माझ्यावर आले तर? त्यातून लिहिली गेलेली पुस्तके थोर आहेत, पण त्यांनी आपल्याला एक चुकीची सवय लावली. आपण आकाशाकडे पाहत राहतो, की महाभयंकर सत्ता केव्हा उतरते. ती शेजारच्या वस्तीत केव्हाच उतरलेली असते, आणि तिथल्या माणसाला आपण समाजात मोजलेले नसते म्हणून तिला भयंकर म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला प्रामाणिक वाटतो. चोऱ्या होतच होत्या ना? होत होत्या. काही टोळ्या दरोडे घालत, हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चोराला शिक्षा करण्यासाठी दंडसंहिता होती, पोलीस होते, तुरुंग होता. या कायद्याने जे नवे आणले ते म्हणजे चोराच्या तान्ह्या मुलाची नोंद. त्याहून पुढे जाऊन, चोर नसलेल्या माणसाच्या तान्ह्या मुलाची नोंद. ज्या गुन्ह्याला कृत्य लागत नाही त्याचा बचाव कसा करणार? 'मी केले नाही' असे म्हणता येते. 'मी जन्मलो नाही' असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप: मार्शल लॉ आणि सेटलमेंट यांची तुलना करून तुम्ही हुतात्म्यांचे महत्त्व कमी करता. मुळीच नाही. मला फक्त एक गोष्ट खटकते. मे १९३० मध्ये सोलापूरकरांना पहिल्यांदा कळले की विनापरवाना हिंडता न येणे म्हणजे काय, शिपायाच्या नजरेला नजर देताना पोटात गोळा येणे म्हणजे काय. एकोणपन्नास दिवसांनी ते संपले आणि शहराने त्याला गुलामगिरी म्हटले, ती होतीच. पण त्याच शहराच्या कडेला ज्यांची ती रोजची दिनचर्या होती, त्यांच्या आणि आपल्या अनुभवात साम्य आहे, हे मार्शल लॉ उठल्यावरही किती जणांच्या मनात आले? शहराच्या स्मरणात त्याची खूण मला सापडत नाही.

इंग्रज गेले तेव्हा कुंपण आपोआप गेले नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा रद्द केला, देशपातळीवर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. स्वातंत्र्यदिन सर्वांचा एकच, पण या लोकांचा दुसराही एक आहे. ३१ ऑगस्ट हा 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. आणि तरीही सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागच्या दाराने तीच नोंदवही घेऊन आले. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा तरुण कोठडीतील मारहाणीने मेला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी संघटना उभी केली. २००६ मध्ये भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने जो आयोग कामाला लावला त्याचे अध्यक्ष होते सोलापूरचे बाळकृष्ण रेणके. आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीय तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. विमुक्त जमातींकडे जन्मजात सराईत म्हणून पाहणारे उल्लेखही त्यात होते. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

आज चेहरा ओळखणारे कॅमेरे चौकाचौकात येत आहेत आणि कोण गुन्हा करील याचे भाकीत संगणक करील असे सांगितले जाते. या यंत्राला शिकवायला जुन्या नोंदी लागतात. पोलिसांच्या जुन्या नोंदींत कोणाची नावे अधिक आहेत आणि ती तेथे कशी गेली, हा प्रश्न संगणकशास्त्राचा नाही. तो आपला, इतिहासवाल्यांचा आहे, आणि तो विचारायला आपल्याला कोणी बोलावणार नाही; आपणच जाऊन बसावे लागेल.

ऑर्वेलचा नायक चोरून रोजनिशी लिहितो, कारण लिहिणे हाच तेथे बंडाचा पहिला अंकुर आहे. आपल्याकडे ही रोजनिशी फार उशिरा लिहिली गेली, कारण आधी अक्षर मिळवावे लागले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्ही अभ्यासक्रमात गेली, आणि 'दलित-विमुक्त आत्मकथने' या कप्प्यात नीट घालून ठेवली गेली. माझी विनंती एवढीच की एकदा ती त्या कप्प्यातून काढून 'नाइन्टीन एटी-फोर'च्या शेजारी ठेवून वाचा. ऑर्वेलचा नायक भोगतो ते कल्पित आहे आणि शेवटी तो पूर्ण मोडतो. या दोघांनी भोगले ते खरे होते आणि ते मोडले नाहीत, हा फरक मला तरी लहान वाटत नाही.

अभ्यासिकेतल्या त्या वादाच्या वेळी शेजारच्या टेबलावर एक तिसरा मुलगा होता. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो काही बोलला नाही. नंतर चहाच्या टपरीवर त्याने आपण होऊन सांगितले की त्याचे घर सेटलमेंटला आहे. एका ठिकाणी नोकरीच्या मुलाखतीत पत्ता वाचून समोरच्याने भुवया उंचावल्या आणि विचारले, "म्हणजे तिकडचेच का तुम्ही?" नोकरी मिळाली नाही; त्याच कारणाने मिळाली नाही असे तो म्हणाला नाही. तेव्हापासून अर्ज भरताना तो पत्त्यातला 'सेटलमेंट' हा शब्द गाळतो, कॉलनीचा क्रमांक आणि पिनकोड तेवढा लिहितो. टपाल पोहोचते, असे त्याने सांगितले.